इंग्रजी धावते तेथे मराठी चालते

इंग्रजीच्या पहिल्यावहिल्या पाठांत मुलाला जे शब्द भेटतात त्यांत 'रन' हा एक असतो. तीन अक्षरांचा, उच्चारावयास सोपा, लिहावयास त्याहूनही सोपा. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ आखलेली असते. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. 'रन'पुढे 'धावणे' असे लिहिले की तो शब्द 'झाला', अशी शिक्षकाची, पालकाची आणि खुद्द विद्यार्थ्याचीही समजूत होते. पुढे हाच शब्द त्याला पुनःपुन्हा आडवा येतो. सर्दी झालेल्या मुलाचे नाक 'रन' होते, कोणी एक बाई खानावळ 'रन' करते, धुतलेल्या लुगड्याचा रंग 'रन' होतो, घरातील साखर 'रन आउट' होते, आणि एखाद्या कुटुंबात लांब नाक पिढ्यानुपिढ्या 'रन' होते. उजवीकडच्या रकान्यातील 'धावणे' यांतील एकाही ठिकाणी उपयोगी पडत नाही. विद्यार्थी गोंधळतो; आणि शब्द तर पाठ आहे, मग वाक्य का कळत नाही, याचे उत्तर त्याला कोणी देत नाही. आपल्याला इंग्रजी येत नाही, एवढाच निष्कर्ष तो काढतो आणि तो मनाशी बाळगून शाळा, महाविद्यालय, मुलाखत आणि नोकरी अशी वाटचाल करतो.

वास्तविक दोष त्याच्या बुद्धीचा नसून त्या उभ्या रेघेचा आहे. 'एक शब्द, एक अर्थ' हा व्यवहार इंग्रजीतील ज्या शब्दांच्या बाबतीत सर्वांत कमी लागू पडतो, नेमके तेच शब्द आपण सर्वांत आधी आणि सर्वांत घाईने शिकवून मोकळे होतो.

कोशातील सर्वांत लांब नोंद

ऑक्सफर्ड इंग्रजी कोश हा इंग्रजी शब्दांच्या इतिहासाचा सर्वांत मोठा संग्रह. १८८४ मध्ये त्याचा पहिला भाग प्रसिद्ध झाला आणि पहिली आवृत्ती पुरी व्हावयास १९२८ साल उजाडले. १९८९ मध्ये निघालेल्या दुसऱ्या, वीस खंडांच्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. तिच्यात ४३० हून अधिक अर्थ आणि सुमारे ६० हजार शब्द होते. मध्यम आकाराची एखादी कादंबरी त्या एका शब्दाने व्यापली असती. तिसऱ्या आवृत्तीचे काम सुरू झाल्यावर मात्र हा मान बदलत गेला. २००० मध्ये तो 'मेक'कडे, २००७ मध्ये 'पुट'कडे आणि २०११ मध्ये 'रन'कडे आला. पीटर गिलिव्हर या कोशकाराने त्या एका क्रियापदासाठी सुमारे नऊ महिने खर्ची घातले आणि केवळ क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ नोंदविले. नाम म्हणून होणारे उपयोग त्यात धरलेलेच नाहीत.

ही सर्व नावे पाहावीत. सेट, मेक, पुट, रन. यांत एकही अवघड शब्द नाही. आपल्याकडे 'चांगले इंग्रजी' म्हणजे लांबलचक, जिभेला वळसे देणारे शब्द, अशी एक ठाम समजूत आहे. वस्तुतः लांब शब्द हा मोठा प्रामाणिक असतो. 'फोटोसिंथेसिस' हा शब्द विज्ञानाच्या पुस्तकात भेटो की वर्तमानपत्रात, त्याचा अर्थ प्रकाशसंश्लेषण एवढाच. एकदा पाठ केला की जन्माची चिंता मिटली. लहान शब्द मात्र घरगड्यासारखा असतो. पाणी भरावयास तोच, बाजारात जावयास तोच, पाहुण्याला स्थानकावर पोचवावयासही तोच. त्याची ओळख त्याच्या एका कामावरून करून घेणाऱ्याची फसगत होणारच.

एका चित्राच्या अनेक शाखा

परंतु ६४५ ही संख्या ऐकून हातपाय गाळण्याचे कारण नाही. हे अर्थ म्हणजे पोत्यातून सांडलेले सुटे दाणे नव्हेत. ते एका खोडाला फुटलेल्या फांद्या आहेत. प्राचीन इंग्रजीतील ज्या धातूतून हा शब्द आला त्यात पायांनी पळणे आणि पाण्याने वाहणे हे दोन्ही अर्थ होते. जर्मन भाषेत आजही 'रेनेन' म्हणजे धावणे आणि 'रिनेन' म्हणजे झिरपणे, वाहणे, अशी एकाच कुळातील दोन क्रियापदे शेजारी शेजारी नांदतात. इंग्रजीने दोघांचे काम एकट्या 'रन'वर सोपविले. म्हणून नदी 'रन' होते, नळ 'रन' होतो, नाक 'रन' होते आणि कापडावरचा रंगही पाण्याबरोबर 'रन' होतो. या साऱ्यांत धावपळ कोठेच नाही. आहे तो ओघ.

ओघावरून रेषेकडे जाणे सोपे आहे. जी वस्तू सलग लांबवर पसरते तीही इंग्रजीत 'रन' होते. रस्ता नदीच्या काठाने जातो, कुंपण शेताच्या कडेने फिरते, बोगदा डोंगराखालून जातो. या सर्वांना इंग्रजीत हेच क्रियापद चालते, जरी रस्ता, कुंपण आणि बोगदा जागचे हलत नाहीत. लेखणी फारशी न उचलता सलग लिहिलेल्या अक्षराला 'रनिंग हँड' म्हणतात. आपल्या मोडी लिपीचे वळण ज्याने पाहिले आहे त्याला हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. रेषेवरून काळाकडे वळावे. करार तीन वर्षे 'रन' होतो, नाटक शंभर प्रयोग 'रन' होते, आणि कर्मचारी 'थ्री डेज रनिंग' गैरहजर असतो. म्हणजे तो तीन दिवस पळत नसतो, सलग तीन दिवस कामावर आलेला नसतो.

यंत्रयुगाने या शब्दाला आणखी एक मोठे दालन उघडून दिले. चाक, माग, वाफेचे इंजिन, आगगाडी यांची गती सतत आणि एका लयीत चालणारी. तिला हाच शब्द चपखल बसला. आपोआप चालणाऱ्या यंत्राकडून ते चालविणाऱ्या माणसाकडे अर्थ सरकला आणि मग गिरणीबरोबर दुकान, शाळा, संस्था, राज्य अशा सर्वच गोष्टी माणसे 'रन' करू लागली. संगणकाचा काळ आला तेव्हा त्यासाठी नवा शब्द घडवावा लागला नाही; आज्ञावलीही 'रन' होऊ लागली. कोशकारांच्या लेखी हे शेकडो अर्थ असतील, पण त्यांच्या मुळाशी असलेले चित्र एकच आहे. एखादी गोष्ट एकदा सुरू झाली की आपल्या वाटेने, न अडखळता, पुढे जात राहते, हे ते चित्र. ज्याच्या डोळ्यांपुढे ते उभे राहिले त्याला नवे वाक्य भेटले तरी अर्थाचा अंदाज करता येतो. ज्याच्यापाशी केवळ 'धावणे' आहे तो मात्र प्रत्येक वेळी नव्याने अडतो.

आपली चाल आणि त्यांची धाव

याच चित्रासाठी मराठीने कोणती शब्दयोजना केली हे पाहणे उद्बोधक आहे. पाण्यासाठी आपण 'वाहणे' वेगळे ठेवले. रंग 'जातो', शाई 'फुटते', साखर 'संपते', ताप 'असतो' किंवा 'येतो'. आणि यंत्र, धंदा, कारभार या बाबतीत इंग्रजी जेथे धावते तेथे मराठी शांतपणे चालते. दुकान चालते, घड्याळ चालते, गिरणी चालते, नाटक चालते, खटला चालतो, राज्यकारभार चालतो. इंग्रजीत जी 'रनिंग ट्रेन' ती मराठीत 'चालती गाडी'; ताशी शंभर किलोमीटर वेगाने जात असली तरी ती चालतीच. अलीकडे मात्र वृत्तपत्रांत आणि स्थानकांवर गाड्या 'उशिराने धावत' असतात. 'रनिंग लेट'चे हे शब्दशः भाषांतर आता रुळले आहे. उशीर झालेली गाडी धावत असते, हा त्यातला विनोद कोणाच्या लक्षातही येत नाही.

'चालणे' या आपल्या क्रियापदाचा संसार 'रन'पेक्षा लहान नाही. डोके चालते, हात चालतो, जीभ चालते. एखाद्यापुढे कोणाचे काही चालत नाही. चहा नसला तर कॉफी 'चालेल'. शत्रूवर चाल करून जातात, बुद्धिबळात चाल खेळतात, गाण्याला चाल लावतात. वर्ष चालू असते, खाते चालू असते, पंखा चालू असतो आणि एखादा माणूसही 'चालू' असतो; या शेवटच्या चालूचा अर्थ पहिल्या तिघांवरून काढावयास गेलेला परभाषिक पुरता फसेल. मराठी मूल मात्र यातल्या एकाही ठिकाणी अडखळत नाही. वहीत 'चालणे'चे अर्थ त्याने कधी लिहून घेतलेले नसतात. 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, नोकरी लागते, निकाल लागतो, वेळ लागतो, आंबा गोड लागतो, आणि ती त्याची मावशी लागते. एवढे सगळे अर्थ ज्या मुलाने सहा वर्षांचे होण्यापूर्वी लीलया आत्मसात केले, त्याला इंग्रजीतील तीन अक्षरी शब्द झेपत नाही, असे मानणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

'धाव' या शब्दाचीही हीच कथा. बैलगाडीच्या चाकावर बसविलेली लोखंडी पट्टी ती धाव. मोटेचे बैल ज्या उतरत्या वाटेने ये-जा करीत तीही धाव. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते. अन्यायग्रस्त न्यायालयात धाव घेतो, संकटातला माणूस देवाचा धावा करतो, आणि देव धावून येतो. क्रिकेट आपल्याकडे आले तेव्हा 'रन'साठी हाच शब्द पुढे सरसावला. आकाशवाणीवरून बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी मराठीतून सामने ऐकविले आणि धावसंख्या, धावफलक, धावचीत असे शब्द घरोघरी पोचले. खेळाच्या आरंभीच्या काळात इंग्लंडमध्ये गुण मोजणारा माणूस काठीवर खाचा पाडीत असे आणि त्या गुणांना खाचाच म्हणत. पुढे त्यांची जागा 'रन'ने घेतली. हा 'रन' मुळात दोन यष्ट्यांमधील बावीस यार्डांची खरीखुरी धाव. पण चेंडू सीमारेषेपार गेला की फलंदाज जागेवर उभा राहूनही चार किंवा सहा धावा मिळवितो. पाऊल न उचलता धाव कशी, असे कोणी विचारीत नाही. शब्द आपल्या मूळ अर्थापासून किती दूर जाऊ शकतो आणि तरीही कसा बिनबोभाट कळतो, याचे याहून घरगुती उदाहरण सापडणार नाही.

निवडणुकीतही अशीच गंमत आहे. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो, ब्रिटनमध्ये तो 'स्टँड' करतो. मराठीत तो उभा राहतो आणि निवडणूक लढवतोही. एकाच कामासाठी एक धावतो, दुसरा उभा राहतो, तिसरा उभ्यानेच लढतो. तिघांपैकी कोणाचेही चुकत नाही.

कचेरीत आणि न्यायालयात

येथवरचा भाग कोणास केवळ शब्दांची करमणूक वाटेल. परंतु ज्यांचे रोजचे काम कागदपत्रांशी आहे त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न करमणुकीचा राहत नाही. १९६३ च्या मुदत कायद्याच्या परिशिष्टात तीन रकाने आहेत. दावा कशाचा, मुदत किती, आणि तिसऱ्या रकान्याच्या डोक्यावर असलेल्या इंग्रजी शब्दांचा आशय असा, की ही मुदत केव्हापासून 'रन' होऊ लागते. उसने दिलेल्या पैशाच्या वसुलीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो आणि ही तीन वर्षे सामान्यतः पैसे दिल्यापासून मोजली जातात. ऋणकोने पैसे बुडविणार असे सांगितले तेव्हापासून ती मोजावयाची, असे ज्याने मनाशी धरले, त्याचा हक्क न्यायालयाच्या दारातच संपण्याचा संभव असतो. याच कायद्याच्या नवव्या कलमात असे तत्त्व आहे की मुदत एकदा 'रन' होऊ लागली की नंतर उद्भवलेली अपात्रता किंवा असमर्थता तिला सामान्यतः थांबवू शकत नाही. येथे धातूचे मूळ चित्र किती उपयोगी पडते पाहा. उतारावर सुटलेले चाक जसे मालक आजारी पडला म्हणून थांबत नाही, तशीच ही मुदत. हे चित्र ज्याला ठाऊक आहे त्याला कलमाचा अर्थ घोकावा लागत नाही.

फौजदारी निकालपत्रांतील एक शब्दप्रयोग याहून गंभीर आहे. आरोपीला एका गुन्ह्यासाठी तीन वर्षे आणि दुसऱ्यासाठी पाच वर्षे कारावास झाला आणि न्यायालयाने दोन्ही शिक्षा 'रन कन्करंटली' असे म्हटले, तर त्या बरोबरीने भोगावयाच्या. माणूस पाच वर्षांत मोकळा होतो. एकीमागून दुसरी असा आदेश असेल तर आठ वर्षे. एका क्रियापदाशेजारच्या एका शब्दावर माणसाच्या आयुष्यातील तीन वर्षे अवलंबून असतात. तुरुंगातील मुलाची वाट पाहणाऱ्या खेड्यातील आईबापांना तो आदेश कोणी वाचून दाखवावयाचा असतो? बहुधा गावातील शिक्षकाने किंवा तालुक्याच्या कारकुनाने.

बँकव्यवहारातील 'रन' तर आणखी निराळा. बँकेवर 'रन' होतो तेव्हा ठेवीदार एकाच वेळी पैसे काढावयास झुंबड करतात. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनमधील नॉर्दर्न रॉक या बँकेच्या शाखांबाहेर अशा रांगा लागल्या होत्या. ती माणसे शिस्तीने रांगेत तासन्‌तास उभी होती; तरीही इंग्रजीत त्याला 'रन'च म्हटले गेले. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेवर आला तो 'रन' बहुतांशी संगणकाच्या आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यांवरून झाला. एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढून घेण्याची मागणी नोंदली गेली. पैसा मात्र पाण्यासारखा वाहून गेला. ओघाचा तो जुना अर्थ हजार वर्षांनंतरही जिवंत आहे, याची ही साक्ष.

शेजार बदलला की अर्थ बदलतो

'रन'ची खरी दहशत विद्यार्थ्याला वाटते ती त्याच्या मागे चिकटणाऱ्या लहान लहान शब्दांमुळे. 'रन इंटू' म्हणजे अवचित गाठ पडणे, 'रन ओव्हर' म्हणजे गाडीखाली चिरडणे, 'रन डाउन' म्हणजे खंगलेला किंवा डबघाईस आलेला, 'रन अप' म्हणजे उधारी वाढवून ठेवणे, 'रन थ्रू' म्हणजे भरभर नजरेखालून घालणे. याद्या करून हे पाठ करावयाचे म्हटले तर आयुष्य पुरणार नाही, आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी त्यातले काही उरणारही नाही.

परंतु हीच कसरत मराठी माणूस दिवसभर करीत असतो. आपल्याकडे शेपूट क्रियापदाचे असते, एवढाच फरक. करून टाकले, करून ठेवले, करून पाहिले, करून दिले, करून घेतले, करून बसला. पहिल्यात काम संपविल्याचा सुटकेचा निःश्वास आहे, दुसऱ्यात पुढची तजवीज आहे, तिसऱ्यात प्रयोग आहे, चौथ्यात दुसऱ्यासाठी घेतलेले श्रम आहेत, पाचव्यात स्वतःचा लाभ आहे आणि शेवटच्यात पश्चात्ताप आहे. यातील 'बसला' म्हणजे खुर्चीवर बसला असे कोणी समजत नाही. हे उदाहरण वर्गात फळ्यावर लिहिले तर इंग्रजीतील 'आउट', 'अप', 'ओव्हर' यांची अर्धी भीती तेथेच नाहीशी होईल. आपली भाषा ही इंग्रजी शिकण्याच्या आड येणारी भिंत आहे, असे मानणाऱ्यांनी ही एक सोय ध्यानात घ्यावी.

अनेकार्थी शब्दाचा अर्थ कसा ठरवावा, हा प्रश्नही आपल्या परंपरेला नवा नाही. संस्कृतात 'सैंधव' म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधू देशाचा घोडाही. जेवणाच्या पानावरून 'सैंधव आण' अशी आज्ञा झाली तर मीठ आणावे आणि प्रवासाला निघण्याच्या वेळी झाली तर घोडा आणावा, हे शास्त्रकारांचे प्रसिद्ध उदाहरण. भर्तृहरीने 'वाक्यपदीय' या ग्रंथात शब्दाचा अर्थ निश्चित करणाऱ्या गोष्टींची यादीच दिली आहे. साहचर्य, विरोध, प्रकरण, औचित्य, देश, काल हे त्यातील काही निकष. विसाव्या शतकात ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी शब्दाची पारख त्याच्या सोबत्यांवरून करण्याचा विचार मांडला. ते काही वर्षे लाहोर येथे इंग्रजीचे प्राध्यापक होते. आजची भाषांतर करणारी यंत्रेही आजूबाजूचे शब्द पाहूनच 'रन'साठी कोठे 'वाहणे' आणि कोठे 'चालविणे' याची निवड करतात. जे तत्त्व वैयाकरणाला उमगले आणि यंत्रालाही शिकविले गेले, ते वर्गातील विद्यार्थ्यापर्यंत मात्र अद्याप पुरते पोचलेले नाही.

उभी रेघ पुसावी

परकीयांना इंग्रजी शिकविण्याचा ज्यांनी गांभीर्याने विचार केला त्यांना लहान शब्दांचे महत्त्व फार पूर्वीच कळले होते. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये 'बेसिक इंग्लिश' मांडले तेव्हा ८५० शब्दांत सारा व्यवहार भागविण्याचा दावा केला आणि क्रियापदे ठेवली अवघी १८. ही काटकसर दिसावयास मोहक होती. पण शब्द कमी केले तरी अर्थ कमी होत नाहीत; ते उरलेल्या शब्दांच्या पाठीवर लादले जातात, आणि ओझे अखेर शिकणाऱ्यालाच वाहावे लागते. ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे दोन हजार शब्दांची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यात शब्दाच्या निरनिराळ्या अर्थांपैकी कोणता अर्थ किती वेळा येतो, याचे प्रमाणही दिले. कोणता अर्थ आधी शिकवावा, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे शिक्षकाच्या हाती आले. जपानमध्ये अध्यापन करणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांच्या कोशाने, जो १९४८ पासून ऑक्सफर्डतर्फे निघू लागला, अर्थाबरोबर वाक्यरचनाही दाखविली.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. त्यापूर्वीच्या कित्येक पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजीचा अभ्यास केला. त्या पाठमालेला आज कोणी जुनाट म्हणो, तिच्यात शब्द वाक्यात बसवून, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे नेण्याचा व्यायाम होता. आज वर्षे वाढली, पुस्तके रंगीत झाली, पण बाजारातील मार्गदर्शकांनी शब्द आणि अर्थ यांची उभी रेघ अधिकच ठळक केली आहे. भाषा शिकण्याचा काळ वाढला म्हणजे भाषा वाढतेच असे नाही.

उपाय खर्चिक नाहीत. शब्द एकटा न लिहिता त्याच्या सोबत्यासह लिहावा. 'रन' असे न लिहिता 'रन अ शॉप' आणि समोर 'दुकान चालविणे', 'द रिव्हर रन्स' आणि समोर 'नदी वाहते'. एका दिवशी दहा नवे शब्द देण्याऐवजी एकाच जुन्या शब्दाची तीन नवी वाक्ये द्यावीत. आठवड्यातून एक तास कोशासाठी ठेवावा आणि पहिल्या अर्थावर न थांबता नोंद शेवटपर्यंत वाचावयास लावावी. आणि प्रत्येक वेळी मुलांना विचारावे, की आपण मराठीत येथे काय म्हणतो? कोणी 'वाहते' म्हणेल, कोणी 'चालते', कोणी 'संपते'. ती उत्तरे देताना मूल दोन भाषा एकमेकींशेजारी ठेवून पाहावयास शिकेल. कचेरीतील तरुण कर्मचाऱ्यानेही अपरिचित वाक्यातील परिचित शब्दाविषयी विचारण्यात कमीपणा मानू नये. ज्या शब्दासाठी कोशकाराला नऊ महिने लागले, त्यावर आपण क्षणभर अडलो तर त्यात लाजण्यासारखे काही नाही.

'रन म्हणजे धावणे' हे वाक्य खोटे नाही. ते अपुरे आहे. अपुऱ्या ज्ञानाला पुरे समजण्याची सवय एकदा जडली की ती इंग्रजीपुरती राहत नाही. अर्थ एका ठिकाणी सापडला म्हणून तो सर्वत्र लावीत सुटणे हा आळस मुदतीचा कायदा वाचतानाही नडतो, निकालपत्र वाचतानाही नडतो. शब्द भेटला की तो कोणाच्या शेजारी बसला आहे हे पाहण्याची सवय तिसरी-चौथीतल्या मुलाला लावता येते. त्यासाठी नवे पाठ्यपुस्तक नको आणि नवे अनुदानही नको. वहीतील ती उभी रेघ पुसली आणि पानाची पूर्ण ओळ वाक्यासाठी मोकळी सोडली, तरी काम सुरू होईल. आणि एकदा सुरू झाले की ते चालेल.